उतारवयातील परसबाग: मालवण किनाऱ्यावर परडे कसे जपले जाते?

परसबाग म्हणजे घराच्या मागील किंवा बाजूच्या मोकळ्या जागेत घरापुरती केलेली भाजी, फळे आणि फुलांची लागवड. सिंधुदुर्गात घरामागच्या या जागेला परडे म्हणतात. घरासमोर शेणाने सारवलेले खळे, खळ्यात तुळशीवृंदावन, मागे न्हाणी, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारे अळू आणि केळी, थोडे पुढे विहीर आणि विहिरीभोवती माड अशी कोकणी घराची जुनी रचना आहे. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत ती आजही दिसते. मात्र हे परडे सांभाळणारे हात आता बहुतेक साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत.

रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली, म्हणजे दहा वर्षांत वाढण्याऐवजी घटली. याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया नोंदल्या गेल्या. दोन्ही आकड्यांमागचे मोठे कारण एकच आहे: कामासाठी मुंबई, पुणे आणि गोव्याकडे जाणारी तरुण पिढी. गावात राहतात ते आई-वडील, आणि अनेक घरांत त्यांच्यापैकी एकटी उरलेली आई. उलट दिशेने, मुंबईतील नोकरी संपवून गावच्या घरी परतणारे चाकरमानीही आहेत. या दोघांपुढे प्रश्न सारखाच असतो. घर उघडे ठेवायचे तर परडे चालते राहायला हवे, आणि परडे चालते ठेवायचे तर ते आपल्या वयाला झेपेल असे करायला हवे.

परसबागेचा उपयोग काय?

पहिला उपयोग ताटातला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेनुसार प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या जेवणात नेमक्या याच गोष्टी कमी पडतात. बाजार लांब असतो, एसटीची वेळ साधावी लागते आणि एका माणसासाठी भाजी आणणे जिवावर येते. मग पेज आणि सुक्या मासळीवर दिवस काढले जातात. दारातच माठ, भेंडी, शेवगा आणि अळू असले तर हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

दुसरा उपयोग शरीराला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. पाणी घालणे, तण काढणे, पालापाचोळा गोळा करणे ही कामे मध्यम श्रमाचीच आहेत. परड्यात रोज अर्धा तास काम केले तर आठवड्याची वेळ भरते. तोल सांभाळण्याचा व्यायाम मात्र वेगळा करावा लागतो.

तिसरा उपयोग मोजता येत नाही, पण गावात सगळ्यांना ठाऊक असतो. ज्याच्या परड्यात काही उगवते त्याच्या घरी शेजारी येतात. कोणी मिरचीचे रोप मागायला येते, कोणी कढीपत्ता, कोणी हळदीची पाने. त्या निमित्ताने घरातल्या माणसाची खबर घेतली जाते.

जमीन, पाणी आणि वारा

किनाऱ्यालगत दोन प्रकारची जमीन आढळते. समुद्राजवळ वाळूमिश्रित पुळणीची जमीन असते. तिच्यात पाणी ठरत नाही आणि अन्नद्रव्ये वाहून जातात. थोडे वर गेले की जांभ्या दगडापासून झालेली तांबडी, आम्लधर्मी माती लागते. जिल्ह्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढ्या पावसात मातीतील चुना आणि पालाश धुपून जातात. म्हणून दोन्ही जमिनींवर उपाय एकच: सेंद्रिय पदार्थ. शेणखत, कुजलेला पाला, गांडूळखत आणि थोडी चुलीतली राख दरवर्षी द्यावी लागते. एकदा दिलेले खत कायमचे पुरत नाही.

मासळीचे खत ही किनाऱ्याची जुनी पद्धत आहे. मासे धुतलेले पाणी माडाला आणि कढीपत्त्याला घालतात, डोकी आणि काटे आळ्यात पुरतात. ते किमान हातभर खोल पुरायला हवेत. उघडे राहिले तर कुत्री-मांजरे उकरतात आणि उंदीर येतात. उंदरांचा त्रास पिकापुरता राहत नाही, तो पुढे आरोग्याच्या भागात येईल.

पाण्याची अडचण एप्रिल-मे महिन्यांत येते. खाडी आणि समुद्राजवळच्या विहिरींचे पाणी या काळात मचूळ होते. माड, पालक आणि बीट असे पाणी बऱ्यापैकी सहन करतात. घेवडा, चवळी आणि लिंबू सहन करत नाहीत. विहीर मचूळ होत असेल तर उन्हाळी भाजीचा हट्ट सोडून त्या दोन महिन्यांत जमीन तापू द्यावी हे शहाणपणाचे. समुद्रावरून येणारे खारे वारे कोवळी पाने करपवतात. त्यांना अडवायला पश्चिमेच्या बाजूला मेढशिंगी, अडुळसा किंवा जास्वंदीचे दाट कुंपण उपयोगी पडते.

वयाप्रमाणे आखणी

तरुणपणीचे परडे आणि सत्तरीचे परडे यांत फरक असायला हवा. मुख्य नियम असा की जमिनीपर्यंत वाकण्याऐवजी जमीनच हातापर्यंत आणावी.

जांभ्याचे चिरे येथे सहज मिळतात. चिऱ्यांचे दोन-तीन थर रचून त्यात माती भरली की उंच वाफा तयार होतो. खुर्चीवर किंवा स्टुलावर बसून त्यात काम करता येते. दोन्ही बाजूंनी हात पोहोचायचा तर वाफ्याची रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नसावी. भिंतीला लागून असेल तर दोन फूट पुरे. दोन वाफ्यांमध्ये काठी किंवा वॉकर घेऊन चालता येईल इतकी, म्हणजे किमान तीन फूट वाट ठेवावी. पावसाळ्यात चिऱ्यांवर आणि पायवाटेवर शेवाळ धरते. घसरून पडण्याचे ते मोठे कारण आहे. मे महिन्यात वाट खरवडून तिच्यावर खडी किंवा जाडी वाळू टाकावी.

ज्यांना वाफेही झेपत नाहीत त्यांच्यासाठी मासळीच्या थर्माकोलच्या जुन्या पेट्या आहेत. तळाला भोके पाडून, तळात सोडणांचा म्हणजे नारळाच्या सालींचा थर देऊन वर माती भरली की मिरची, माठ, कोथिंबीर आणि पुदिना चांगला येतो. पेटी हलकी असल्याने मुसळधार पावसात पडवीत ओढून घेता येते.

पाण्यासाठी विहिरीतून कळशीने पाणी काढणे साठीनंतर थांबवलेले बरे. लहान पंप, उंचावर एक टाकी आणि तिथून साधी ठिबकची नळी एवढी सोय असली की काम एक तोटी फिरवण्यापुरते उरते. विहिरीला कठडा नसेल तर परड्यातल्या इतर कोणत्याही खर्चाआधी तो बांधावा.

काय लावावे?

निवड करताना प्रत्येक झाड हाती काय आणि कधी देईल हे पाहावे.

काही आठवड्यांत येणारी पिके: लाल माठ साधारण महिन्याभरात कापणीला येतो. मुळा आणि मेथीही लवकर येतात. काकडी आणि भेंडी दीड ते दोन महिन्यांत मिळू लागते.

वर्षाच्या आत येणारी: शेवगा आठ-दहा महिन्यांत शेंगा देऊ लागतो आणि पाला तर त्याआधीच मिळतो. पपई वर्षाच्या आत धरते. हळद आणि सुरण आठ-नऊ महिने घेतात.

फार देखभाल न मागणारे कंद: सुरण, कोनफळ, करांदे आणि कणगी ही उतारवयातली हक्काची पिके. मे अखेरीस किंवा पहिल्या पावसावर कंद पुरायचे, वेलांना एखाद्या झाडाचा आधार द्यायचा आणि पाने सुकली की हिवाळ्यात खणायचे. खणणीसाठी मात्र एक दिवस मदतीला माणूस बोलवावा.

दीर्घकाळची झाडे: उंच जातीचा माड सहा-सात वर्षांनी फळतो. कोकमाच्या कलमालाही पाच-सहा वर्षे लागतात. सत्तरीत ही झाडे लावण्यात अर्थ काय असा प्रश्न साहजिक आहे. गावातले उत्तर साधे आहे: आज ज्याचे नारळ खातो तो माड आपण लावलेला नाही. फक्त अशी झाडे मोजकी लावावीत आणि पहिली तीन वर्षे त्यांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे.

बियाण्यासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ हे विश्वासाचे ठिकाण आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने कोकणच्या पावसात आणि मातीत टिकणाऱ्या भाज्यांच्या जाती दिल्या आहेत. कारल्याची कोकण तारा, पडवळाची कोकण श्वेता, दोडक्याची कोकण हरिता, मिरचीची कोकण कीर्ती, माठाची कोकण दुरंगी आणि काकडीची शीतल ही त्यांतली काही नावे. सिंधुदुर्गात वेंगुर्ले येथे विद्यापीठाचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र आहे, कुडाळ तालुक्यात मुळदे येथे उद्यानविद्या महाविद्यालय आहे आणि मालवण तालुक्यात किर्लोस येथे कृषी विज्ञान केंद्र आहे.

वर्षाचे वेळापत्रक

मे: वाफे उकरून तापू द्यावेत. वेलांसाठी आळी खणून त्यांत शेणखत भरावे. आगोटीची कामे, म्हणजे सरपण झाकणे, पन्हळी साफ करणे आणि मांडव बांधणे, याच महिन्यात उरकतात. रातांबे सुकवून आमसुले करण्याचे आणि सांडगी मिरची घालण्याचेही हेच दिवस.

जून: मृगाचा पाऊस स्थिरावला की काकडी, दोडका, पडवळ, कारले, भेंडी आणि भोपळ्याचे बी घालावे. हळद आणि आले लावावे. वाफ्यात पाणी साचू देऊ नये.

जुलै-ऑगस्ट: वेल मांडवावर चढवणे, तण काढणे आणि गोगलगायी वेचणे. जोराच्या पावसात परड्यात जाऊ नये. एक दिवस तण जास्त वाढले तर काही बिघडत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर: पावसाळी भाजी उतरवावी, बियाण्यासाठी चांगले फळ वेलावरच राखावे. पाऊस सरला की वांगी, मिरची आणि टोमॅटोची रोपे तयार करावीत.

नोव्हेंबर-फेब्रुवारी: किनाऱ्यावरील भाजीचा सर्वांत सोपा हंगाम. माठ, मुळा, नवलकोल, वाल, चवळी आणि वांगी सगळे येते, रोग कमी असतात आणि हवा कामाला बरी असते. परसबाग पहिल्यांदाच करणाऱ्याने याच हंगामात सुरुवात करावी.

मार्च-एप्रिल: पाणी पाहून लागवड कमी करावी. उरलेल्या वाफ्यांवर सुक्या पाल्याचे किंवा चुडतांचे आच्छादन घालावे.

चतुर्थीसाठी परडे

सिंधुदुर्गात परड्याचे वर्ष गणेश चतुर्थीभोवती फिरते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बी घातले की ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये काकडी, दोडके आणि पडवळ मांडवावर लोंबू लागतात. गणपतीच्या डोक्यावर बांधल्या जाणाऱ्या माटवीला हीच फळे लागतात. नारळ, सुपारीचा घड, तवसे, पडवळ, कवंडाळ आणि तेरडा अशा घरच्या व रानातल्या वस्तूंनी माटवी सजते. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीला बैलांच्या श्रमाशिवाय, हाताने पिकवलेले खाण्याची रीत आहे. अळू, माठ, भेंडी, भोपळा, पडवळ अशी परड्यातलीच मिसळीची भाजी त्या दिवशी होते.

मुंबईहून आलेली मुले आणि नातवंडे त्या आठवड्यात घरात असतात. वर्षभर एकट्याने सांभाळलेल्या परड्याचे फळ तेव्हा सगळ्यांच्या पानात पडते, आणि कोणता वेल कुठे लावायचा, माटवी कशी बांधायची, बी कसे राखेत घोळून ठेवायचे हे पुढच्या पिढीने पाहण्याची वेळही हीच असते. काही घरांत चतुर्थीला आलेल्या मुलांकडून वर्षभराची जड कामेही याच दिवसांत करून घेतली जातात. त्यांची यादी आधीच लिहून ठेवलेली बरी.

माड: सर्वांत मोठे उत्पन्न, सर्वांत मोठी अडचण

चांगली निगा असलेला माड वर्षाला ८० ते १०० नारळ देतो. चुडतांचे झाप होतात, हिरांचे झाडू होतात, सोडणे चुलीत जातात. पण माडावर चढणारी माणसे आता सहज मिळत नाहीत. नारळ वेळेवर न काढल्याने ते छपरावर किंवा माणसाच्या अंगावर पडण्याचा धोका वाढतो. यावर गावात चालणारा उपाय म्हणजे वाडीतल्या पाच-सात घरांनी मिळून एकाच दिवशी माणूस बोलावणे. एकाच घरच्या चार माडांसाठी तो येत नाही, तीस माडांसाठी येतो.

नवीन माड घरापासून किमान वीस-पंचवीस फूट लांब लावावा. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा घरांना टेकून वाढलेल्या झाडांचे काय होते ते लोकांनी पाहिले. वाकलेला, पोखरलेला किंवा शेंड्याला गेंड्या भुंग्याने ग्रासलेला माड घरावर झुकत असेल तर पावसाळ्यापूर्वीच निर्णय घ्यावा.

माकडे

परडे सोडून देण्यामागे आज वयापेक्षाही माकडांचा त्रास हे कारण अनेकदा सांगितले जाते. केळी, काकडी, भोपळे आणि शहाळी टोळीने येऊन संपवली जातात. एकट्या वृद्ध माणसाने दगड-काठी घेऊन त्यांच्यामागे धावणे धोक्याचे आहे, कारण पडण्याची आणि माकड अंगावर येण्याची दोन्ही भीती असते. त्यापेक्षा लागवडीत बदल करावा. हळद, आले, सुरण, अळू, मिरची, कारले आणि कढीपत्ता यांना माकडे तुलनेने कमी त्रास देतात. कोवळ्या भाजीचे दोन वाफे घराच्या अगदी जवळ घेऊन त्यांवर जाळी टाकावी, आणि लांबची जागा कंद व माडांसाठी ठेवावी.

आरोग्याचे धोके

लेप्टोस्पायरोसिस: उंदरांच्या मूत्राने दूषित झालेला चिखल आणि पाणी पायाच्या जखमेला लागल्याने हा आजार होतो. सिंधुदुर्गात भातलावणीच्या हंगामात त्याचे रुग्ण आढळतात. पावसाळ्यात परड्यात गमबूट घालावेत, जखम झाकावी, परतल्यावर साबणाने पाय धुवावेत. चिखलात काम केल्यानंतर साधारण ५ ते १४ दिवसांत ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले तर घरगुती काढ्यावर न थांबता सरकारी दवाखाना गाठावा आणि आपण चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना सांगावे. प्रतिबंधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी.

साप: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप कोकणात आहेत. फुरसे चिऱ्यांच्या फटीत आणि सुक्या पाल्यात बसते. पाला हाताने न उचलता दाताळ्याने ओढावा, तिन्हीसांजेनंतर बॅटरीशिवाय परड्यात जाऊ नये. दंश झाल्यास आवळून बांधू नये, कापू नये, तो भाग स्थिर ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ऊन: रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी शरीरातले पाणी कमी होते आणि उठताना चक्कर येते. उन्हाळ्यात काम सकाळी नऊच्या आत संपवावे. खिशात मोबाइल आणि शिट्टी ठेवावी. एकट्या राहणाऱ्याने रोज ठरलेल्या वेळी शेजारी किंवा मुलांशी बोलण्याचा नेम ठेवावा. फोन आला नाही तर चौकशीला कोण जाईल हे आधी ठरलेले असावे.

परड्याच्या जोडीला इतर कामे

पावसाचे चार महिने बरेचसे घरातच जातात. हिर सोलून झाडू बांधणे, झाप विणणे, बियाणे निवडणे ही पडवीत बसून करण्याची जुनी कामे. भजनी मंडळ हा अनेक वाड्यांतला संध्याकाळचा आधार आहे.

जिल्ह्यातील दोन कला वयस्क हातांनी जगवल्या, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा, म्हणजे दहा रंगांची १२० गोल पानांची रंगवलेली पत्ते, विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ बंद पडली होती. पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडे ही कला उरली होती. सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली आणि राजवाड्यात तिचे काम सुरू केले. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा परशुराम गंगावणे यांनी सांभाळली. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कागदपत्रे आणि सोयी

कोकणात सातबाऱ्यावर अनेक भावंडांची नावे सामायिक असतात. मोठी झाडे, बांधकाम किंवा विहीर यांवर खर्च करण्यापूर्वी आपल्या वाट्याची जागा कोणती हे तोंडी नव्हे तर लेखी ठरवून घ्यावे. घर मुलांच्या नावे करताना घाई करू नये. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. त्यासाठी ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असणे सर्वांत सुरक्षित. अर्ज प्रांताधिकारी कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे करता येतो.

राज्यात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील व्यक्तींना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे लागते. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. ज्येष्ठांसाठी मदतीचा राष्ट्रीय क्रमांक १४५६७ आहे.

सुरुवात कशी करावी?

सगळे परडे एकदम हाती घेऊ नये. पहिल्या वर्षी स्वयंपाकघराच्या दाराजवळ दोन उंच वाफे, एक शेवगा, एक कढीपत्ता आणि न्हाणीच्या पाण्यावर अळू एवढे पुरे. नोव्हेंबरमध्ये माठ आणि मुळ्याने सुरुवात करावी, मेमध्ये चार सुरण पुरावेत, जूनमध्ये काकडीचे आणि दोडक्याचे एकेक आळे करावे. एवढे वर्षभर न थकता सांभाळता आले तर पुढच्या वर्षी एक वाफा वाढवावा. नाही जमले तर एक कमी करावा. उरलेल्या जागेत गवत वाढले तरी ती जागा फुकट गेली असे नाही. दाराजवळचे दोन वाफे हिरवे असणे हे घर उघडे असल्याची खूण म्हणून पुरेसे आहे.